हातातली विद्या आणि हक्काची लढाई : बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जीवन



दीक्षा घेतली की घरातला देव्हारा रिकामा होतो. नवससायास सुटतात, गावकीची हीन कामे सुटतात, मान ताठ होते. पण त्याच रात्री चुलीपुढे बसलेली आई एक प्रश्न विचारते. जुने सोडले ते बरे झाले, पण उद्या खायचे काय? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. १९५६ नंतर आपल्या हजारो घरांनी तो सोसला आहे. मेलेली ढोरे ओढायचे नाकारले म्हणून बलुते बंद झाले, गावाने वाळीत टाकले, तरी आपले वाडवडील मागे फिरले नाहीत. आज तुम्ही नव्याने धम्मात आला आहात. तुमच्या घरी बलुते नसेल, पण कंत्राटी नोकरी आहे, पावसावरची शेती आहे, पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा आहे. प्रश्न तोच आहे.

या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेल्या एका माणसाची हकिकत आज तुम्हाला सांगावयाची आहे. तो बौद्ध नव्हता, भारतीयही नव्हता. तो अमेरिकेतला एक गुलाम होता. त्याचे नाव बुकर टी. वॉशिंग्टन. त्याच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

बुकरचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया राज्यातल्या एका मळ्यावर झाला. आई मळ्यावरची स्वयंपाकीण. बाप कोणी गोरा माणूस होता, पण त्याने मुलाला कधी ओळख दिली नाही. एका खोलीची झोपडी, मातीची जमीन, अंथरायला चिंध्या. शाळेच्या दारापर्यंत मालकाच्या मुलीची पुस्तके वाहून न्यायची आणि दारातूनच परत फिरायचे, एवढाच त्याचा शाळेशी संबंध.

१८६५ साली गुलामगिरी संपली. मळ्यावर जाहीरनामा वाचला गेला तेव्हा आईने मुलांचे मुके घेतले, माणसे हसली, रडली, नाचली. पण झोपड्यांत परतताच सगळे गंभीर झाले. राहायचे कुठे, पोरांना घालायचे काय, रोजगार कोण देणार? म्हातारी माणसे तर अंधार पडल्यावर हळूच जुन्या मालकाकडे सल्ला विचारायला गेली. वाचकहो, ती संध्याकाळ तुमच्या ओळखीची नाही का? साखळी तुटते एका दिवसात, पण स्वतःच्या पायावर उभे राहणे एका दिवसात होत नाही.

बुकरचे कुटुंब माल्डेन गावी गेले. नऊदहा वर्षांचा पोरगा मिठाच्या भट्टीवर कामाला लागला, पुढे कोळशाच्या खाणीत. सावत्र बापाच्या मिठाच्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत. तो आकडा म्हणजे बुकरचे पहिले अक्षरज्ञान. शाळेत जाऊ लागला तेव्हा गुरुजींनी पूर्ण नाव विचारले. इतर मुलांना दोन-दोन नावे होती, याला एकच. त्याने तिथल्या तिथे स्वतःला वॉशिंग्टन हे आडनाव घेतले. ज्यांनी हिणवणारी नावे टाकून स्वतःची नावे स्वतः निवडली, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

खाणीत काम करताना त्याने हॅम्प्टन या शाळेबद्दल ऐकले. तिथे काळ्या मुलांना शिकवीत आणि गरिबांना कामाच्या मोबदल्यात जेवण मिळे. १८७२ साली तो निघाला. सुमारे ५०० मैलांची वाट. पैसे संपले तेव्हा रिचमंड शहरात रस्त्याकडेच्या फळ्यांखाली झोपला आणि दिवसा जहाजावरचा माल उतरवून पोट भरले. हॅम्प्टनला पोचला तेव्हा खिशात अर्धा डॉलर होता आणि अंगावरचे कपडे मळकट. बाईंनी प्रवेश दिला नाही, नाकारलाही नाही. एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीन वेळा झाडली, चार वेळा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला, धूळ निघाली नाही. हीच त्याची प्रवेशपरीक्षा झाली आणि राखणदार-झाडूवाल्याचे काम करीत तो शिकू लागला.

इथे थोडे थांबा. झाडू हा शब्द ऐकताच आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा. पिढ्यानपिढ्या झाडू आपल्या हातात जन्मामुळे दिला गेला. पण बुकरच्या हातातला झाडू त्याला दुसऱ्या खोलीत, वर्गाच्या खोलीत, नेत होता. काम एकच असले तरी जातीने लादलेले काम माणसाला तिथेच खिळवते. पुढे जाण्यासाठी स्वतः पत्करलेले काम त्याला सोडवते. हा फरक मुलांना नीट समजावून सांगा.

१८७५ साली तो हॅम्प्टनहून पदवी घेऊन बाहेर पडला आणि शिक्षक झाला. तेवढ्यात अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावाहून मागणी आली. तिथे लुईस अॅडम्स नावाचा एक माजी गुलाम होता. तो पत्र्याचे, चामड्याचे काम आणि जोडे शिवणे जाणणारा कुशल कारागीर होता. काळ्या मतदारांत त्याचा शब्द चाले. निवडणुकीत एका गोऱ्या उमेदवाराने मते मागितली तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. म्हणजे ही शाळा एका कारागिराच्या हुन्नरातून आणि मताच्या हक्कातून जन्मली. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम आहे.

४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांची शाळा भरली. सरकारने वर्षाला २,००० डॉलर दिले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारासाठी. जागा नाही, इमारत नाही. एका मोडक्या खोपटात वर्ग चाले. पाऊस आला की एखादा विद्यार्थी आपला धडा सोडून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी.

शाळा सुरू होण्यापूर्वी वॉशिंग्टन खेडोपाडी हिंडला होता. कापूस झोपडीच्या दारापर्यंत पेरलेला, भाजीचा वाफा कुठे नाही, आणि खाण्याचे सामान दुकानातून उधारीवर. एका घरी हप्त्याने घेतलेली ६० डॉलरची बाजाची पेटी होती, पण जेवायला बसलेल्या पाच जणांत काटा एकच. दुसरीकडे एक शिकलेला तरुण घाणीने वेढलेल्या झोपडीत बसून फ्रेंच व्याकरण पाठ करीत होता. वॉशिंग्टनने ठरवले की अक्षराबरोबर हातालाही शिकवायचे.

त्याने उधारीवर ५०० डॉलरला १०० एकरांचा जुना मळा घेतला. रान तोडायचे होते. विद्यार्थी नाखूष झाले. गुलामगिरीत बाप राबला, आता शिकून आम्हीही राबायचे काय, अशी त्यांची तक्रार होती. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. माझ्या वडिलांनी मला फावड्याला हात लावू दिला नाही, त्यामुळे त्या मुलांचे मन मला कळते. वॉशिंग्टनने वादच घातला नाही. रोज वर्ग संपला की स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात पुढे चालू लागला. मुले मागोमाग आली.

मग इमारतीसाठी विटा हव्या होत्या. गावात वीटभट्टी नव्हती. मुलांनी गुडघाभर चिखलात उभे राहून सुमारे २५,००० विटा पाडल्या आणि भट्टी लावली. भट्टी फसली. दुसरी लावली, तीही फसली. तिसरी जवळजवळ आठवडा जळत होती आणि अखेरीस मध्यरात्री ढासळली. पैसे संपले. लोक म्हणू लागले, आता नाद सोडा. वॉशिंग्टनने आपले घड्याळ माँटगोमेरीच्या एका दुकानात १५ डॉलरला गहाण टाकले. ते त्याला कधीच सोडवता आले नाही. चौथी भट्टी मात्र साधली. पुढे १९०० च्या सुमारास ती मुले एका हंगामात १२ लाख उत्तम विटा पाडू लागली. ज्या गोऱ्यांना काळ्यांची शाळा नको होती, तेच विटा घ्यायला त्या शाळेत येऊ लागले.

आपल्याकडे वीटभट्टीवर कोणाचे हात राबतात हे तुम्ही जाणता. पण उचल घेऊन चिखल तुडवणारा एक, आणि मातीची पारख, भट्टीची आच, विटेचा भाव व वहीतला हिशोब जाणणारा दुसरा. वॉशिंग्टनने आपल्या मुलांना दुसऱ्या जागी नेले. त्यांची पहिली बाके आणि खाटा वेड्यावाकड्या झाल्या, खाटा रात्री मोडून पडत. तरी त्याने विकतच्या आणल्या नाहीत. चुकतील तर शिकतील, हे त्याचे धोरण होते. बहुतेक इमारती विद्यार्थ्यांनीच बांधल्या. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टनचे निधन झाले तेव्हा तिथे शंभरावर इमारती आणि सुमारे १,५०० विद्यार्थी होते.

इथपर्यंतची हकिकत गौरवाची आहे. पण अर्धी गोष्ट सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

१८९५ साली अटलांटा येथील भाषणात वॉशिंग्टनने आपल्या लोकांना सांगितले की, सामाजिक समतेचा आग्रह आताच धरू नका, आधी हुन्नर आणि पैसा मिळवा, मान आपोआप मिळेल. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मान मिळाला नाही. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रंगभेदाला कायदेशीर ठरवले. १९०१ साली अलाबामाच्या नव्या राज्यघटनेने बहुतेक काळ्यांचे मत हिरावले. ज्या मताच्या बळावर टस्कीगीची शाळा मिळाली, ते मतच गेले. उत्तम विटा पाडणाऱ्या माणसालाही झुंड झाडाला लटकवू शकत होती. विद्वान डू बॉइस यांनी १९०३ साली वॉशिंग्टनवर रोखठोक टीका केली. हक्क सोडून दिलेल्या माणसाचा हुन्नर सुरक्षित राहत नाही, असा तिचा आशय होता. वॉशिंग्टनलाही हे आतून कळत असावे. मताच्या हक्कासाठी लढल्या गेलेल्या खटल्यांना त्याने गुपचूप पैसा पुरवला होता, हे त्याच्या कागदपत्रांवरून नंतर उघड झाले. पण गुपचूप दिलेल्या पैशाने समाज जागा होत नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकत होते. वॉशिंग्टनचे निधन झाले तेव्हा ते तिथेच होते. पुढे १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. बाबासाहेबांनी कोणता धडा जवळ केला हे यावरून दिसते. त्यांना हुन्नराचे महत्त्व कमी वाटत होते असे मात्र नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब होती. आणि तिथेच मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी लावून धरली. आपल्या हातांत हुन्नर नव्हता, कारण तो शिकण्याचे दार जातीने बंद केले होते. म्हणून हक्क आणि हुन्नर ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. अमेरिकेतही काळ्यांना हक्काचे कायदे मिळाले ते १९६४ आणि १९६५ साली, चळवळीच्या बळावर.

तथागतांनीही गृहस्थाच्या पोटाचा प्रश्न हलका मानला नाही. कोलियांच्या गावी दीघजाणु नावाचा संसारी माणूस त्यांच्याकडे आला. आम्हा बायकापोरांच्या माणसांना याच जन्मी हितकारक असा धम्म सांगा, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या. आपल्या व्यवसायात दक्ष आणि कुशल असणे, कष्टाने मिळवलेले राखणे, भल्या माणसांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे. तुम्ही विहारात म्हणता त्या महामंगल सुत्तातही विद्येच्या जोडीला शिल्प, म्हणजे हातची कला, मंगल मानली आहे. हुन्नर शिकणे हे धम्माबाहेरचे काम नाही. ती सम्यक आजीविकेची पहिली पायरी आहे.

म्हणून एक सांगणे आहे. मुलाला पदवी द्याच, मुलीलाही द्या. पण पदवीच्या जोडीला एक हुन्नर पक्का द्या. विजेची जोडणी, पंपदुरुस्ती, शिवण, सुतारकाम, हिशोब, काहीही. अर्धवट नको. त्याचबरोबर मतदारयादीत नाव आहे की नाही ते पाहा, जातीचा दाखला काढून ठेवा, सभेला जा, अन्याय दिसला तर गप्प बसू नका.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात एक वही उघडा. प्रत्येक घरातल्या स्त्री-पुरुषांना कोणते काम येते ते लिहा. मग कोणाला काय शिकायचे आहे ते समोर लिहा. शिकवणारा आणि शिकणारा एकाच सतरंजीवर बसलेले आहेत, हे तुम्हाला दिसेल. पहिली भट्टी फसेल, दुसरीही फसेल. चुलीपुढच्या आईला मात्र त्या वहीतून उत्तर मिळू लागेल.

जयभीम.