परक्या देशीचा विद्यार्थी, मराठीचा पुराणकार

परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे पोखर्णी हे गाव नृसिंहाचे म्हणून ओळखले जाते. दर्शनास येणाऱ्या भाविकाचे मन साहजिकच खांबातून प्रकटलेल्या देवाकडे लागलेले असते. परंतु ज्याच्यासाठी तो प्रकटला तो प्रल्हाद विद्यार्थी होता, याचा सहसा विसर पडतो. भागवताच्या सातव्या स्कंधात शंड आणि अमर्क हे राजाने नेमलेले गुरू त्याला राजाला मान्य असलेली विद्या शिकवितात. गुरू घरच्या कामात गुंतले की प्रल्हाद सहाध्यायी दैत्यपुत्रांना भोवती जमवितो आणि आपल्या मनातील गोष्ट त्यांना सांगू लागतो. एका मुलाच्या भक्तीची कथा सांगताना पुराणकाराने वर्गसोबत्यांचा हा प्रसंग आवर्जून घातला, हे अर्थपूर्ण आहे. श्रद्धा ज्याची त्याची असली, तरी विद्यार्थिदशेत तिला सोबत लागते. ती पाठशाळेत मिळाली नाही, तर ती अन्यत्र शोधावी लागते, प्रसंगी देश सोडूनही.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील एका तरुणाने अशी सोबत शोधण्यासाठी खरोखरच देश सोडला. पुढे त्याने मराठीत सुमारे 11 हजार ओव्यांचे पुराण रचले, म्हणून महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही त्याचे नाव ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे ते नाव. मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांनी घरोघरी पोहोचविली. परंतु हा कवी साष्टीच्या किनाऱ्यावर कोणत्या वाटेने येऊन पोहोचला, याची चर्चा फारशी होत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टर येथील नामांकित विद्यालयात झाले. हा काळ एलिझाबेथ राणीचा. 1559 च्या कायद्यांनी राणी ही इंग्लंडच्या धर्मसंस्थेची सर्वोच्च अधिकारी ठरली. रविवारी सरकारमान्य उपासनेस गैरहजर राहणाऱ्याला दंड होऊ लागला आणि विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यावर राणीच्या धार्मिक अधिकाराची शपथ बंधनकारक झाली. जुन्या कॅथॉलिक पंथावर निष्ठा असलेल्या विद्यार्थ्यापुढे यातून विलक्षण पेच उभा राहिला. पदवी हवी तर शपथ घ्यावी, शपथ नको तर पदवी सोडावी. वास्तविक विद्यापीठे ही मुळात धर्मसंस्थेच्याच छायेत वाढलेली. पण आता तेथे मनातील प्रार्थना मोठ्याने म्हणण्याची सोय उरली नव्हती.

या काळात स्टीफन्स यांना थॉमस पाउंड हा मित्र लाभला. हा वयाने दहाएक वर्षांनी मोठा, श्रीमंत आणि राजदरबारात वावरलेला गृहस्थ. राणीसमोर नृत्य करीत असताना तो पडला, राणीने त्याचा भर सभेत उपहास केला आणि त्या क्षणापासून त्याचे मन दरबारातून उडाले, अशी कथा सांगतात. स्टीफन्स त्याच्याजवळ सुमारे दोन वर्षे राहिले, तेही लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून नोकराच्या वेषात. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि जेझुइट संघात प्रवेश घ्यायचा असा बेत ठरला. निघण्याच्या बेतात असतानाच पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची सुमारे 30 वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटे निघाले. रोमला पोहोचल्यावरही ते मित्राला विसरले नाहीत. कैदेतील पाउंडला संघाचा सदस्य करून घ्यावे, अशी रदबदली त्यांनी वरिष्ठांकडे केली आणि ती मान्यही झाली. वसतिगृहातील मैत्री पुढे नोकरीधंद्याच्या धकाधकीत विरून जाते असा सार्वत्रिक अनुभव असताना ही निष्ठा उठून दिसते.

20 ऑक्टोबर 1575 रोजी स्टीफन्स रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाले. इंग्लंडमध्ये जे चोरून करावे लागत होते, ते येथे उजळ माथ्याने करता येत होते. त्याच वर्षी रॉबर्ट पर्सन्स आणि हेन्री गार्नेट हे दोन इंग्रज तरुणही तेथे संघात आले होते. पुढे दोघेही जीव धोक्यात घालून मायदेशी परतले. गार्नेटला 1606 मध्ये फाशी झाली. अशा सोबत्यांमध्ये स्टीफन्स यांची उमेदवारी झाली.

ज्या रोमन महाविद्यालयात त्यांचे अध्ययन झाले, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. 1563 मध्ये तेथील जाँ ल्यूनी या बेल्जियन शिक्षकाने विद्यार्थ्यांचे एक मंडळ सुरू केले होते. वर्ग सुटल्यावर मुले एकत्र जमत, प्रार्थना करीत, ठरलेल्या दिवशी पापनिवेदन करीत आणि रुग्णांच्या व गोरगरिबांच्या सेवेला जात. मंडळात नवा मुलगा आला की जुना त्याला सांभाळून घेई. शिक्षकाने धर्म शिकवावा आणि विद्यार्थ्याने तो ऐकावा, एवढ्यावर न थांबता मुलांनी मुलांना धरून ठेवावे, ही त्यातील खरी कल्पना होती. 1584 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी या मंडळाला अधिकृत मान्यता दिली आणि जेझुइटांची महाविद्यालये जेथे जेथे गेली तेथे तेथे अशी मंडळे निघाली. आज कॅथॉलिक महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे जे प्रार्थनागट आणि सेवागट दिसतात, त्यांची पूर्वपरंपरा शोधू गेल्यास ती या मंडळापर्यंत येऊन भिडते.

4 एप्रिल 1579 रोजी स्टीफन्स लिस्बनहून निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचे नाव नोंदले गेले आहे. त्या प्रवासाचे वर्णन करणारे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. 1583 मध्ये बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात तर इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे मार्मिक निरीक्षण आहे. विल्यम जोन्सच्या आधी 200 वर्षे एका पाद्र्याच्या कानाने हे नाते टिपले होते. त्याच वर्षी राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी स्टीफन्स यांनीच खटपट केली. तुरुंगातला मित्र ज्याने मागे ठेवला होता, त्याला परक्या देशातील कैद्यांची अवस्था सांगावी लागली नसेल.

येथवरची कहाणी सहानुभूतीने वाचता येते. यापुढे मात्र वाचकाची अडचण होते. ज्या साष्टी प्रांतात स्टीफन्स यांनी जवळजवळ 40 वर्षे काढली, तेथील देवळे 1567 साली पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते रातोरात खाडी ओलांडून सुरक्षित मुलखात न्यावी लागली. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन बसले होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुडॉल्फ अक्वाव्हिवा आणि त्यांच्या चार जेझुइट सहकाऱ्यांना ठार केले. त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन त्यांची कत्तल करण्यात आली. सत्तेने लादलेल्या धर्माला नकार देऊन देशोधडीला लागलेला माणूस, सत्तेने धर्म लादलेल्या प्रांतात धर्मोपदेशक होतो, ही विसंगती लपविण्यात अर्थ नाही. कवीच्या भाषाप्रेमाचे गोडवे गाताना आपले अभ्यासक ती बहुधा टाळतात आणि तिचा उच्चार करणारे काव्याकडे पाहत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात होत्या.

विशेष म्हणजे या विसंगतीची खूण खुद्द ख्रिस्तपुराणातच उमटली आहे. पुराणाच्या आरंभी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून पाद्र्यांना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या तोडीचे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? प्रश्नातील वेदना उघड आहे. धर्म बदलला तरी सायंकाळी काय गावे आणि काय ऐकावे ही भूक बदलली नव्हती. पोर्तुगीज प्रश्नोत्तरी घोकून ती भागणार नव्हती. स्टीफन्स यांनी हा प्रश्न दडपला नाही. ग्रंथाचे निमित्त म्हणून तो पहिल्या अवस्वरातच मांडला. पैठणच्या एकनाथांचे देहावसान 1599 मध्ये झाले. म्हणजे गोदातीरी भागवत सांगणारा आणि साष्टीत बायबल सांगणारा असे दोन ओवीकार काही काळ एकाच वेळी लिहिते होते. स्टीफन्स यांनी मराठी पुराणांचा अभ्यास करून त्यांचाच छंद, त्यांचीच शब्दकळा उचलली. वैकुंठ, मोक्ष असे शब्द परके मानले नाहीत. 36 आणि 59 अवस्वरांच्या दोन भागांचा हा ग्रंथ 1616 मध्ये रायतूरच्या जेझुइट महाविद्यालयात रोमन लिपीत छापला गेला. शिष्याला सोबत हवी आणि ती त्याच्या स्वतःच्या भाषेतली हवी, हे इंग्लंडमधून परागंदा झालेल्या शिक्षकाला कळले होते.

स्टीफन्स 1619 मध्ये गोव्यात वारले. 1649 आणि 1654 मध्ये पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणावारी ते देवळांतून गाइले जाई. नंतर सत्तेची दृष्टी फिरली. 1684 च्या फर्मानाने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम गोमंतकीयांना सुटला आणि ज्या भाषेत नवख्रिस्ती मुलांची श्रद्धा रुजली होती, तीच आता त्यांच्याच राज्यकर्त्यांना नकोशी झाली. छापील प्रती नाहीशा झाल्या. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण गोव्याबाहेर, मंगळूरच्या बाजूला स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्या घरोघर जपल्या. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली, आणि देवनागरीत हे मराठी पुराण शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली 1956 मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाले.