बाबासाहेब आणि गरिबाचे मत

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ऐकतो. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, लंडन, महाडचे तळे, राज्यघटना, नागपूरची दीक्षा, हे सगळे टप्पे आता लेकराबाळांनाही पाठ आहेत. एक धडा मात्र आपण घाईघाईने उरकतो. तो म्हणजे बाबासाहेबांच्या निवडणुकांचा. ज्या माणसाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळावे म्हणून आयुष्य वेचले, तोच माणूस स्वतंत्र भारतात दोनदा लोकसभेला उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. त्यांच्या विरुद्ध मत देणारे सगळे काही सावकार आणि गिरणीमालक नव्हते. त्यांत चाळीतला कामगार होता, कूळ होते, शेतमजूरही होता. म्हणजे ज्यांच्या भाकरीसाठी बाबासाहेब भांडले, त्यांतल्याच कित्येकांनी दुसरीकडे शिक्का मारला.

आपल्या सातपुड्यातही निवडणूक आली की शिकलेली माणसे एक वाक्य फार सहज बोलून जातात. लोक अडाणी आहेत, दारू-मटणावर मत विकतात, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, झालं! बाबासाहेबांना असं बोलायचा अधिकार आपल्यापेक्षा जास्त होता. पण त्यांनी मतदाराला शिवी देऊन विषय मिटवला नाही. गरीब माणूस असं का वागतो, याचा त्यांनी शोध घेतला. त्या शोधाच्या वाटेनेच त्यांचे चरित्र इथे थोडक्यात सांगायचे आहे.

१९१९ साली साउथबरो कमिटीपुढे तरुण भीमराव साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा मत हा श्रीमंतांचा मामला होता. शेतसारा भरणारा, कर भरणारा तोच मतदार. अस्पृश्यांपाशी जमीन नाही, म्हणून मत नाही आणि मत नाही म्हणून कायद्यात त्यांचे कोणी नाही. १९२८-२९ मध्ये सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी मुंबई प्रांतिक समितीत सहकाऱ्यांपासून वेगळा होऊन स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणसाला मत काय कळणार, असे तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत. अक्षर न येणे आणि अक्कल नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. मत वापरता वापरताच माणूस राजकारण शिकतो, यावर त्यांचा भरवसा होता.

पण त्याच काळात दुसराही अनुभव त्यांच्या पदरात पडत होता. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी बिल आणले. वतन म्हणजे काय तर थोडीशी जमीन, थोडे बलुते आणि त्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची राबणूक. हिशेब मांडला तर उघडउघड तोट्याचा व्यवहार! तरीही कितीतरी लोकांचा जीव त्या वतनात अडकला होता. आज्या-पणज्याची जमीन, गावातला हक्क, पाटलाच्या दारातली भाकर, हे सुटलं तर उद्या काय, ही भीती होती. तोटा रोजचा असला की तो अंगवळणी पडतो. सुटका मात्र अनोळखी असते, तिची धास्ती वाटते. ते बिल पुढे मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले.

त्याच १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. कामगार सगळे एक, असा पुकारा होता. पण गिरणीत विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्याला शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा धरायचा, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. मालकाशी भांडताना ज्यांनी एक व्हायचे, तेच कामगार धोट्यापाशी आले की वेगळे होत. एकी मोडली की मजुरी सगळ्यांचीच कमी राहते, हे साधे गणित. पण जातीचा मान त्या गणितापेक्षा मोठा ठरत होता.

याचे उत्तर त्यांनी १९३६ साली लिहिले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून घाबरून संमेलनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यात त्यांनी समाजवादी मंडळींना विचारले, की माणूस फक्त पैशाच्या हितासाठी चालतो हे कशावरून? गरीब माणूस घरातली किडूकमिडूक विकून काशीला आणि मक्केला जातो, कवडी जवळ नसलेल्या साधूपुढे कोट्यधीश हात जोडतो. धर्म, सामाजिक दर्जा आणि मालमत्ता या तिन्ही सत्तेच्या जागा आहेत, असे त्यांनी दाखवले. जातीची रचना अशी, की प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे. वरच्याचा जाच सोसताना खालच्यावरचा तोरा हाच माणसाचा दिलासा होतो. म्हणून पायऱ्या मोडायला तो तयार होत नाही. बंधूंनो, गरीब माणूस आपल्याच नुकसानीचे मत का देतो, याची ही फार खोल फोड आहे, आणि ती आजही जुनी झालेली नाही.

लिहून ते थांबले नाहीत. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर ही सवर्ण घरांतली माणसेही त्यांच्या बाजूने निवडून आली. त्याच साली ३१ जुलैला बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी आपल्या खानदेशात धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी आजही लोक तिथे जमतात. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर १९३७ ला, त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल कायदेमंडळात मांडले.

कोकणातला खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला धनी. पिकाचा मोठा वाटा त्याचा, वर वेठ वेगळी. कुणब्याच्या आणि महाराच्या पाठीवर एकाच खोताचा बोजा होता. चरीच्या कुळांनी तर १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेते पडीक ठेवून संप चालवला होता. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेली हजारो कुळे मुंबईत कायदेमंडळावर चालून गेली. कुणबी, आगरी, महार एकाच रांगेत चालत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला, त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, भांडवलशाही आणि ब्राह्मण्य. ब्राह्मण्य म्हणजे अमुक जातीची माणसे असा त्यांचा अर्थ नव्हता. समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत मुरलेली आहे, असे त्यांनी बजावले.

दोन वर्षे असं वाटलं, की पोटाची एकी जातीवर मात करील. पण मोर्चात बरोबर चाललेला माणूस गावी गेला की आपापल्या वाड्यात गेला. खोतीचे बिल मंजूर झाले नाही. महारांखेरीज इतर कष्टकऱ्यांत पक्षाची पाळेमुळे फार खोल गेली नाहीत. युद्ध आले, देशाच्या वाटाघाटी जाती-धर्मांच्या हिशेबाने सुरू झाल्या आणि १९४२ साली नागपूरला बाबासाहेबांना शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापावे लागले. मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामगारांसाठी पुष्कळ केले. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांच्या कामाचा १९४६ चा कायदा त्यांच्या खटपटीतून आला. त्याच सालच्या निवडणुकांत फेडरेशनचा मात्र धुव्वा उडाला. पुणे करारानुसार राखीव जागेवर शेवटची निवड सर्व जातींच्या मतांवर होई. त्यामुळे आपल्या माणसांचा कौल एक आणि निकाल दुसरा, असे अनेक ठिकाणी झाले.

इथे, मोलगीत बसून हे लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४५ च्या मे महिन्यात मुंबईच्या भाषणात बाबासाहेबांनी आदिवासींना आपल्या योजनेतून बाजूला ठेवले. त्यांच्यात राजकीय जाण अजून आलेली नाही, ते दुसऱ्यांच्या हातातले साधन बनतील, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. हे मत आदिवासी बांधवांना लागणारे आहे आणि ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. निरक्षर अस्पृश्यावर जो भरवसा त्यांनी १९२९ साली दाखवला, तोच भिल्ल-पावऱ्यांवरही दाखवायला हवा होता. पण पुढे काय झाले तेही पाहा. पाचच वर्षांत जी घटना अमलात आली, तिने काठीच्या मेवासी राजाला एक मत दिले आणि त्याच्या रानातल्या भिल्लालाही एकच मत दिले. अनुसूचित जमातींना राखीव जागा मिळाल्या, पाचवी अनुसूची आली. घटना समितीत जयपालसिंग मुंडांसारखा आदिवासी पुढारी ताठ मानेने बोलत होता, याचाही त्यात वाटा आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी धोक्याची घंटा वाजवली. राजकारणात समता आणि घरादारात, शेतात, बाजारात विषमता, असे दोन तोंडांचे जीवन आपण सुरू करतो आहोत, हे त्यांनी सांगितले. आणि राजकारणातल्या भक्तीचा धोका दाखवला. धर्मात भक्तीने आत्म्याची सुटका होत असेल, पण राजकारणात भक्ती माणसाला हुकूमशाहीकडे नेते. पुढारी देव झाला, की त्याला हिशेब विचारायचा राहून जातो.

१९५२ च्या जानेवारीत ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. फेडरेशनची निशाणी हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. जागा दोन, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मते. समाजवादी पक्षाशी समझोता होता, त्यांचे अशोक मेहता जोडीला. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले, बाबासाहेब साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले. मेहताही पडले. हजारो मते बाद झाली, दोघांनी निवडणूक अर्ज केला, तो फेटाळला गेला. पुढे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तसाच दोन जागांचा मतदारसंघ. या वेळी अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब आठ-साडेआठ हजारांनी पडले. मतदार तेच, मतदानही तेच, तरी एकाला गुलाल आणि दुसऱ्याला हार! याला कारणे अनेक असतील, पण दुसरे मत देताना कित्येकांचा हात जातीपाशी अडखळला, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

तरीही काँग्रेसला मत देणाऱ्या कुळाला वेडा म्हणता येणार नाही. १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा काँग्रेसच्याच राज्यात झाला. शिवाय स्वातंत्र्याची पुण्याई होती, नेहरूंविषयी प्रेम होते आणि गावोगाव पोचलेली यंत्रणा होती. बाबासाहेबांपाशी विचार होता, पण पैसा आणि महारवाड्याबाहेर पोचणारे कार्यकर्ते कमी होते. माणूस मत देताना पोटाबरोबर मान, भीती, उपकार आणि ओळख यांचेही वजन करतो. ज्याला आपले हित साधायचे आहे, त्याने त्या सगळ्याला उत्तर द्यावे लागते.

दोन पराभवांनंतर बाबासाहेबांनी हाय खाल्ली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. त्याने कोणाची जमीन वाढली नाही की मजुरी वाढली नाही. उलट पुष्कळांच्या सवलतींवर टाच आली. पण पायऱ्यांची उतरंड मनातून निघाली आणि मान ताठ झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढच्याच १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि १९५९ साली त्यांनी आपल्या खानदेशापर्यंत भूमिहीनांचा सत्याग्रह आणला. मान आली तेव्हाच जमिनीची मागणी मोठ्याने करता आली.

आपल्या भागात उन्हाळ्यात बायाबापड्या कैऱ्या कापून वाळवतात आणि आमचूर मोलगीच्या बाजारात आणतात. भाव ठरवणारा दुसरा असतो आणि अडीनडीला उचल देणाराही बहुधा तोच असतो. पावसाळा संपला की घरेच्या घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा माणसाने उचल देणाऱ्याच्या शब्दावर मत टाकले, तर दोष फक्त त्याच्या अकलेचा कसा? त्याची उचल फिटेल असा बचत गट, त्याचा वनहक्काचा दावा लिहून देणारा शिकलेला पोरगा, आजारपणात दवाखान्यात सोबत येणारा शेजारी, हे त्याला मिळाले की त्याचे मत आपोआप मोकळे होईल. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी जमलेल्या नोकरदार, शिक्षक आणि तरुण मंडळींनी बाबासाहेबांच्या पराभवातून एवढे काम जरी उचलले, तरी पुष्कळ झाले. आणि ते करताना बौद्ध आणि आदिवासी अशी नवी पायरी आपण घालत नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!