हॉटसनसाहेब वाचले ते कशाने?

होटगीहून सोलापुरास जाणाऱ्यांस तेथील चार हुतात्म्यांचे पुतळे ठाऊक आहेत. त्यांच्या मरणाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या सर अर्नेस्ट हॉटसन यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगतो.

हॉटसन यांचा जन्म १८७७ साली झाला. ऑक्सफर्ड येथे विद्या संपादून ते मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले व चढत चढत मुंबई सरकारात गृहखात्याचे प्रमुख झाले. मे १९३० मध्ये गांधीजींस अटक होताच सोलापुरात क्षोभ उसळला, गोळीबार झाला व लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस येरवड्यास फाशी दिले. गृहखाते हॉटसन यांचे, म्हणून लोकांचा रोष त्यांजवर वळला.

त्याच वर्षी ते हंगामी गव्हर्नर झाले. २२ जुलै रोजी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजचे ग्रंथालय पाहावयास गेले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांजवर गोळ्या झाडल्या. तरी ते वाचले. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली, असे एक म्हणत. अंगात चिलखत होते, असे दुसरे म्हणत. शिवाय हॉटसन पळाले नाहीत, तर गोगट्यांच्या अंगावर धावून गेले. भर दिवस होता, भोवती माणसे होती, गोगटे एकटे होते. ते तत्काळ पकडले गेले.

याच पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर चापेकर बंधूंनी घातलेला घाला मात्र साधला. तेव्हा रात्र होती, साथीदार खूण देण्यास होते, गोळी पाठीमागून आली आणि साहेबांस कसलीही चाहूल नव्हती. असे घाले फसतात वा साधतात ते बहुधा अशाच गोष्टींनी: उजेड की अंधार, सावधपणा की गाफीलपणा, आणि कधी केवळ एक बटण.

म्हणून हॉटसन वाचले ते देवाने त्यांचा कारभार पसंत केला म्हणून, असे कोणी समजू नये. रँड हेही ख्रिस्ती देशातूनच आले होते. शिलोहातील बुरूज ज्यांवर पडला ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभूने शिकविलेच आहे. घाला फसल्याने सोलापूरच्या घरांतील शोक निवाला नाही. आणि तो साधला असता तरी चौघांपैकी एकही परत आला नसता. गोगट्यांस आठ वर्षांची शिक्षा झाली, पण मुदतीपूर्वीच ते सुटले. हॉटसन १९४४ साली निवर्तले.

घाला फसण्याचे आणखी एक कारण पवित्र शास्त्रात आहे. पौलास मारण्याची शपथ चाळीसांहून अधिक जणांनी वाहिली होती. त्याच्या भाच्याने ते ऐकले व सरदारास कळविले. रातोरात पौल कैसरियाकडे रवाना झाला. बटण आमच्या हाती नाही, जीभ आहे. बांधाच्या तंट्यावरून कोयता काढण्याची कुजबुज गावात कानी आली, तर उपदेशकांनी व मंडळीने त्या भाच्याप्रमाणे वेळीच बोलावे. आणि ज्यावर अन्याय झाला त्याचे गाऱ्हाणे त्याआधीच पंचांपुढे नेऊन त्यास न्याय मिळवून द्यावा. प्रभु आम्हां सर्वांस हे धैर्य देवो.