डॉक्टर ग्रेनफेल व त्यांचे बिनपगारी विद्यार्थी

इंग्लंडांतील डी नदीच्या मुखाजवळ पार्कगेट नांवाचें गांव आहे. तेथें १८६५ सालीं विल्फ्रेड ग्रेनफेल यांचा जन्म झाला. ते लंडन हॉस्पिटलांत वैद्यकी शिकत असतांना एके रात्रीं रोग्यास पाहून परततांना सहज मूडीसाहेबांच्या सभेच्या तंबूंत शिरले. व्यासपीठावर कोणी गृहस्थ लांबलचक प्रार्थना करीत होते. ग्रेनफेल कंटाळून निघणार, इतक्यांत मूडीसाहेबांनीं आपले बंधु प्रार्थना संपवीत आहेत तोंवर आपण गीत गाऊं असें मंडळीस सुचविलें. अशा सरळ माणसाचें ऐकावें, असें वाटून ते थांबले, आणि तेथेंच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पुढें ते समुद्रावरील कोळ्यांत काम करणाऱ्या मिशनास मिळाले. १८९२ सालीं ‘आल्बर्ट’ नांवाच्या गलबतांतून ते न्यूफाउंडलंडास गेले, तेव्हां सेंट जॉन्स शहर आगींत जळत होतें. तेथून ते लाब्राडोरच्या किनाऱ्यास लागले व त्या एका उन्हाळ्यांत त्यांनीं सुमारें ९०० रोगी तपासले. दुसऱ्याच वर्षीं बॅटल हार्बर येथें इस्पितळ उघडलें.

रोगाचें मूळ दारिद्र्यांत आहे हें त्यांस लवकरच दिसलें. व्यापारी कोळ्यास हंगामापूर्वीं पीठ, मीठ व जाळीं उधार देत आणि मासळी स्वतःच ठरविलेल्या भावानें घेत. रोख पैसा कोळ्याच्या हातीं क्वचितच पडे. सावकाराच्या वहीची ज्यांस ओळख आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको. म्हणून डॉक्टरांनीं १८९६ सालीं रेड बे येथें सहकारी दुकान काढविलें. व्यापाऱ्यांस तें अर्थातच रुचलें नाहीं.

१९०८ च्या एप्रिलांत, ईस्टरच्या दिवशीं, एका आजारी मुलाकडे जाण्यास ते कुत्र्यांच्या गाडीनें एकटेच निघाले. खाडीवरील बर्फ फुटला व ते एका तुकड्यावर समुद्राकडे वाहूं लागले. थंडीनें मरूं नये म्हणून त्यांनीं आपलीं तीन कुत्रीं मारून त्यांचीं कातडीं पांघरलीं. दुसऱ्या दिवशीं गांवकऱ्यांनीं बर्फांतून होडी घालून त्यांस वांचविलें. त्या तिन्ही कुत्र्यांचीं नांवें कोरलेली पाटी डॉक्टरांनीं घरांत लाविली. जिवावर बेतलें तरी त्या मुक्या सोबत्यांचें ऋण ते विसरले नाहींत, हें मला विशेष वाटतें.

त्यांचीं व्याख्यानें ऐकून येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन येथील विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटींत सेंट अँथनीस येऊं लागले. पगार नाहीं, प्रवासखर्चहि स्वतःचा. वैद्यकीचे विद्यार्थी इस्पितळांत हाताखालीं राहत. बाकीचे गलबतांतील माल उतरीत, दगड वाहत, पाण्याच्या नळासाठीं चर खणीत. श्रीमंतांच्या मुलांनीं कुदळ धरणें लहान गोष्ट नव्हे. तथापि खरें ओझें, समुद्र गोठल्यावरहि तेथेंच राहणाऱ्या परिचारिका व डॉक्टर यांच्यावरच असे. १९१५ सालीं आलेले डॉ. चार्ल्स कर्टिस पुढें कित्येक वर्षें तेथील कामाचे प्रमुख होते.

ग्रेनफेल यांस १९२७ सालीं ‘सर’ हा किताब मिळाला. १९४० च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील व्हर्माँट येथें ते वारले. त्यांची रक्षा सेंट अँथनीस नेऊन गांवाजवळील टेकडीच्या खडकांत, पत्नीच्या रक्षेशेजारीं, ठेविली आहे.