शाहू छत्रपती आणि विवाहाचा प्रश्न

विवाह हा संस्कार की करार, हा वाद युरोपात शतकानुशतके चालला. ल्यूथरने विवाहास संस्कारांच्या यादीतून वगळले. फ्रेंच राज्यक्रांतीने 1791 च्या घटनेत त्यास केवळ दिवाणी करार ठरविले. विवाह कराराने आरंभ पावत असला तरी कराराच्या पलीकडे जातो, असे हेगेलने मांडले, आणि 1869 मध्ये मिलने पत्नीच्या दास्यावर नेमके बोट ठेवले. आपल्याकडे या विचारांचा खल पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांत झाला. परंतु वारणेच्या दक्षिणेस, आज जेथे वारणानगर उभे आहे त्या पन्हाळ्याच्या मुलखापर्यंत हा प्रश्न कायद्याच्या रूपाने नेला तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीचे धनी झाले. कुटुंब केवळ रक्ताने नव्हे, कायद्यानेही घडते, याचा अनुभव त्यांना दहाव्या वर्षीच आला म्हणावयाचा! 1894 मध्ये राज्याधिकार हाती आले. मात्र विवाहविषयक कायदे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात केले. 1917 मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी सुरू झाली. 1919 मध्ये आंतरजातीय विवाहास मान्यता, स्त्रियांच्या छळास प्रतिबंध आणि काडीमोड यांविषयीचे कायदे पाठोपाठ आले.

त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात 1872 च्या कायद्यान्वये नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्यास आपण हिंदू नाही, असे जाहीर करावे लागे. हिंदूंमधील आंतरजातीय विवाह वैध ठरवू पाहणाऱ्या विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकास महाराजांनी उघड पाठिंबा दिला. ते विधेयक मात्र संमत झाले नाही. खुद्द इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणे पुरेसे असे, पत्नीस मात्र त्याखेरीज आणखी अपराध दाखवावा लागे. हा भेद 1923 पर्यंत टिकला. तेव्हा कोल्हापूरचे कायदे ही पश्चिमेची नक्कल होय, असे मानणे सयुक्तिक नाही. काडीमोड आणि पाट या बहुजन समाजाच्या जुन्याच रूढी होत्या. महाराजांनी त्यांना कायद्याची चौकट दिली.

तथापि राजवाड्यातील चित्र इतके सरळ नव्हते. 1917 मध्येच धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह झाला, तेव्हा वधू इंदुमतीदेवी अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी शिकारीतील अपघातात राजपुत्र गेले. पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाच्या घरी बालविधवा सून आली, आणि तिचा पुनर्विवाह झाला नाही. महाराजांनी सोनतळी येथे तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, अन्य जातींच्या मुली सहाध्यायी म्हणून दिल्या, घराण्याचा विरोध पत्करला. त्या काळी हेही थोडे धाडस नव्हते. परंतु कायद्याने मोकळी केलेली वाट स्वगृही अर्धीच चालली गेली, हे नाकारता येत नाही.

आंतरजातीय विवाहाच्या बाबतीत मात्र त्यांनी घरापासूनच आरंभ केला. कागलची आपली चुलत बहीण चंद्रप्रभाबाई हिचा विवाह त्यांनी इंदूरच्या धनगर होळकर घराण्यातील यशवंतरावांशी ठरविला. तो 1924 मध्ये पार पडला. महाराजांचे निधन 6 मे 1922 रोजीच मुंबईत झाले होते.