संतशिरोमणी श्री सावता महाराज

थोर विठ्ठलभक्त श्री सावता महाराज यांचा जन्म इ. स. १२५० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील अरण (ता. माढा) या गावी झाला. वडिलांचे नाव परसोबा व आईचे नांगिताबाई. घराणे वारकरी, व्यवसाय मळ्याचा.

देव भेटावा म्हणून लोक योग, याग, व्रते व तीर्थयात्रा करीत. महाराजांना मात्र देवाची खूण रोजच्या मळ्यातच पटे. बियाला कोंब फुटला, वाफा हिरवा झाला, विहिरीला पाणी आले की त्यात त्यांना विठ्ठल दिसे. भाजीपाला, मोट व विहीर यांना त्यांनी अभंगांत मानाचे स्थान दिले. परंतु खूण दिसली म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. उगवलेल्या कोंबाला वेळेवर पाणी देणे हीच त्यांची पूजा होती.

पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून ते वारीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. एकदा सासुरवाडीचे पाहुणे आले असता ते भजनात दंग होते, म्हणून पत्नी जनाबाई रागावल्या. महाराजांनी शांतपणे त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे.

काशिबा गुरव यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले. त्यांपैकी ३७ आज उपलब्ध आहेत. आषाढ वद्य १४, शके १२१७ (इ. स. १२९५) रोजी महाराजांनी अरण येथे देह ठेवला. पुण्यतिथीस पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीस येते.

पीक आले तर प्रसाद मानावा. बुडाले तर देवाचा कोप समजून कष्ट सोडू नयेत, हाच बोध या चरित्रातून घ्यावा. महाराजांच्या चरणी साष्टांग दंडवत!