गॉर्डन हॉल साहेब

नांदेड व लातूर येथील आमच्या मंडळ्यांत दर रविवारी मराठीत शास्त्रवाचन होते. त्या कार्याचा पाया घालणाऱ्यांत गॉर्डन हॉल साहेब हे एक होत.

त्यांचा जन्म १७८४ साली अमेरिकेतील मासाचुसेट्स प्रांतात झाला. मायदेशी पाळकपणाचे बोलावणे आले असता ते त्यांनी नाकारले, व १८१२ साली, सत्तावीस वर्षांचे असता, ते जहाजात बसले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईस पोहोचले. सरकारने त्यांस परत जाण्याचा हुकूम केला. परंतु त्यांनी गव्हर्नर साहेबांस नम्रपणे व निर्भयपणे विनंतीपत्र लिहिले, आणि शेवटी राहण्याची परवानगी मिळाली. मग मराठी शिकून त्यांनी रस्तोरस्ती उपदेश केला, शाळा घातल्या, व सोबत्यांसह नव्या कराराचे भाषांतर केले.

मार्च १८२६ मध्ये ते नाशिक व त्र्यंबक येथे गेले. तेथे पटकीची साथ होती. जवळचे बहुतेक औषध त्यांनी रोग्यांस वाटून दिले. परतीच्या वाटेवर दोडी-दापूर गावी त्यांसच पटकी झाली, व २० मार्च रोजी, देवळाच्या ओसरीत, काही तासांतच ते प्रभूमध्ये झोपी गेले.

त्यांच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे झाले. पण त्याच वर्षी तो नवा करार मुंबईत छापून निघाला. आमच्या तरुणांपैकी कोणी सेवेसाठी परदेशी जाऊ इच्छीत असेल, तर त्याने फळाचा हिशेब आधी मांडू नये. तेथील भाषा मनापासून शिकावी, आणि आपल्याजवळचे औषध आधी शेजाऱ्यास द्यावे.